पेनिसिलिनची ॲलर्जी खरोखर आहे का, हे दवाखान्यात कसे ठरवतात?

आपला प्रश्न मी असा समजलो आहे. आपल्या आईंचे वय एकसष्ट असून त्यांच्या गुडघ्याचे सांधेरोपण ठरले आहे. तरुणपणी पेनिसिलिनचे इंजेक्शन घेतल्यानंतर त्यांच्या अंगावर पुरळ उठले होते आणि तेव्हापासून प्रत्येक केसपेपरवर ‘पेनिसिलिनची ॲलर्जी’ असे लाल शाईने लिहिले जाते. सर्जननी ॲलर्जीची तपासणी करून यायला सांगितले, तेव्हा घराजवळच्या दवाखान्यात त्यांच्या हातावर टोचून ‘काही रिॲक्शन नाही’ असे सांगण्यात आले. या निकालावर भरवसा ठेवावा का, असे आपण विचारले आहे.

मी तालुक्याच्या ठिकाणी फिजिशियन म्हणून काम करतो आणि असा शिक्का घेऊन आलेले पेशंट मला नेहमी भेटतात. हातावरच्या त्या एका टोचणीवरून ॲलर्जी आहे असे ठरत नाही आणि नाही असेही ठरत नाही. मात्र आपण दिलेल्या माहितीवरून आईंना ही ॲलर्जी आज असण्याची शक्यता बरीच कमी वाटते, आणि नीट तपासणी केली तर अर्ध्या दिवसात याचा निकाल लागू शकतो. त्यांना प्रत्यक्ष न तपासता मी यापुढे जाऊन निदान करणार नाही. तपासणी कशी असते आणि कशी असायला हवी, एवढे मात्र सविस्तर सांगतो.

आधी आपल्याकडच्या ‘टेस्ट डोस’विषयी. सेफट्रायॅक्सोनसारखे अँटिबायोटिकाचे इंजेक्शन द्यायचे असले की सिस्टर एक ग्रॅमची बाटली दहा मिलिलिटर पाण्यात विरघळवतात, त्यातला अगदी थोडा भाग बारीक सुईने मनगटाच्या वर कातडीत टोचतात, उठलेल्या फुगीभोवती पेनाने गोल काढतात आणि दहा-पंधरा मिनिटांनी लाली वाढली का ते पाहतात. हे दृश्य इतके परिचयाचे झाले आहे की ते केले नाही तर नातेवाईकच विचारतात, ‘डॉक्टर, टेस्ट केली नाही का?’ परंतु या पद्धतीत तीन मोठ्या उणिवा आहेत. पहिली उणीव औषधाच्या तीव्रतेची. वर सांगितलेल्या द्रावणात दर मिलिलिटरला शंभर मिलिग्रॅम औषध असते. कातडीची आग न करता तपासणी व्हावी म्हणून तज्ज्ञांनी सेफट्रायॅक्सोनसाठी दीर्घकाळ दोन मिलिग्रॅम आणि अलीकडे वीस मिलिग्रॅमपर्यंतची मात्रा वापरली आहे. शंभर मिलिग्रॅमच्या द्रावणाने मुळीच ॲलर्जी नसलेल्या माणसाची कातडीही लाल होऊ शकते, आणि मग त्याच्या कागदावर जन्मभराचा शिक्का बसतो. दुसरी उणीव तुलनेची. शेजारी नुसते सलाईन टोचलेले नसेल, तर उठलेली लाली सुईची की औषधाची हे कळत नाही. आणि निरोगी कातडीवर हमखास फुगी उठवणारे हिस्टामिन टोचलेले नसेल, तर त्या दिवशी त्या कातडीला प्रतिसाद देता येतो की नाही, हेही कळत नाही. आदल्या रात्री सर्दीसाठी सेटिरिझिनची, म्हणजे ॲलर्जीची लक्षणे दाबणारी, गोळी घेतलेल्या माणसाची कातडी गप्प बसते आणि आपण त्याला ‘निगेटिव्ह’ म्हणून मोकळे होतो. तिसरी उणीव सर्वांत महत्त्वाची. ज्याला पूर्वी कधीही औषधाचा त्रास झालेला नाही, त्याच्या बाबतीत या टोचणीवरून पुढे काय होईल याचा अंदाज बांधता येत नाही. टेस्ट निगेटिव्ह येऊनही नंतर तीव्र रिॲक्शन आलेले पेशंट आहेत, आणि क्वचित त्या थेंबभर औषधानेच रिॲक्शन सुरू झालेलेही आहेत.

डॉक्टर हे का करतात, याचे कारण मला ठाऊक आहे आणि मी त्यांना दोष देत नाही. काही औषधांच्या माहितीपत्रकातच तसे लिहिलेले असते, आणि उद्या काही बरेवाईट झाले तर ‘टेस्ट डोस दिला होता का’ हाच पहिला प्रश्न विचारला जातो. चीनमध्येही सेफॅलोस्पोरिन (सेफट्रायॅक्सोन ज्या घराण्यातले आहे ती अँटिबायोटिके) देण्यापूर्वी सरसकट अशी टोचणी करण्याची प्रथा होती. २०२१ मध्ये तेथील आरोग्य आयोगाने नवी मार्गदर्शक तत्त्वे काढून ती सरसकट करू नये असे सांगितले. आपल्याकडेही हा विचार मोकळेपणाने व्हावा, असे मला मनापासून वाटते. कारण टेस्टच्या त्या गोलावर विसंबून राहिलेल्या खोलीत ॲड्रेनलिनचे, म्हणजे तीव्र रिॲक्शनवरच्या मुख्य औषधाचे, अँप्युल भरून घेण्याच्या तयारीत ठेवलेले नसेल, तर तो गोल कुणाचाही जीव वाचवत नाही.

आता खऱ्या तपासणीकडे येतो. तिचा सर्वांत मोठा भाग सुईशिवाय होतो. मी पेशंटला समोर बसवून त्या जुन्या घटनेची हकीकत विचारतो: औषध कोणते होते, गोळी की इंजेक्शन, कशासाठी दिले होते, घेतल्यानंतर किती वेळाने त्रास सुरू झाला, नेमके काय झाले, किती दिवस राहिले, उपचार करावे लागले का, आणि त्यानंतर त्याच जातीचे औषध पुन्हा कधी पोटात गेले का. या शेवटच्या प्रश्नावर पुष्कळदा प्रकरण तेथेच मिटते. पेशंट सांगतो की पेनिसिलिन मला चालत नाही, आणि त्याच्याच पिशवीतल्या जुन्या चिठ्ठ्यांत दोन वर्षांपूर्वी दातदुखीसाठी दिलेल्या ॲमॉक्सिसिलिनचा पाच दिवसांचा कोर्स सापडतो, जो त्याने विनातक्रार पूर्ण केलेला असतो. ॲमॉक्सिसिलिन हे पेनिसिलिनच्याच घराण्यातले औषध आहे हे त्याला कुणी सांगितलेले नसते. आईंच्या जुन्या फायली, दाताच्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, औषधांची बिले हे सर्व एकदा बाहेर काढून पाहावे, ही माझी पहिली विनंती.

त्रासाच्या वर्णनावरून बरेच काही उलगडते. इंजेक्शननंतर काही मिनिटांत ते तासाभरात अंगभर पित्त उठणे, ओठ-डोळे सुजणे, घसा आवळल्यासारखा होणे, धाप लागणे, उलट्या होणे, रक्तदाब घसरून भोवळ येणे ही लक्षणे शरीरातील आयजीई नावाच्या प्रतिद्रव्यांमुळे होणाऱ्या तात्काळ ॲलर्जीची असतात. याउलट चार-पाच दिवसांनी उठलेले, फारसे न खाजणारे सपाट लाल पुरळ हे बहुधा निराळ्या आणि सौम्य प्रकारचे असते, आणि मुलांमध्ये ते औषधापेक्षा मूळच्या विषाणूजन्य तापामुळेच आलेले असण्याची शक्यता अधिक असते. एपस्टाईन-बार विषाणूच्या आजारात ॲम्पिसिलिन (हेही पेनिसिलिनच्याच घराण्यातले) दिले तर पुष्कळ रुग्णांना पुरळ येते आणि तरीही त्यांना कायमची ॲलर्जी जडलेली नसते. जुलाब, मळमळ, तोंड येणे, ‘गोळी गरम पडली’ या तक्रारी म्हणजे ॲलर्जी नव्हे. इंजेक्शन घेताना पांढरे पडून खाली कोसळणे हेही बहुतेक वेळा सुईच्या भीतीने नाडी मंदावल्यामुळे होते. आईंच्या पिढीच्या संदर्भात आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ पासून पेनिसिलिन तयार होऊ लागले आणि पुढची कित्येक वर्षे घसा धरण्यापासून गळवापर्यंत सर्वांवर पेनिसिलिनची इंजेक्शने दिली जात. त्यातील प्रोकेन पेनिसिलिन चुकून रक्तवाहिनीत गेले तर त्यातल्या प्रोकेन या बधिर करणाऱ्या औषधामुळे रुग्णाला एकाएकी मृत्यूची भीती वाटून भास होत आणि काही मिनिटांत सारे शांत होई. तो प्रकार ॲलर्जीचा नव्हता, तरी नोंद मात्र ॲलर्जी अशीच होण्याचा संभव होता.

खरी तात्काळ ॲलर्जी असली तरी ती आयुष्यभर टिकतेच असे नाही. आयजीईमुळे होणाऱ्या पेनिसिलिनच्या ॲलर्जीच्या रुग्णांपैकी सुमारे ८० टक्के लोकांची संवेदनशीलता, औषध पुन्हा न घेतल्यास, दहा वर्षांत नाहीशी होते. अमेरिकेत सुमारे १० टक्के रुग्णांच्या नोंदीत पेनिसिलिनची ॲलर्जी लिहिलेली असते आणि त्यांची रीतसर तपासणी केली तर १०० पैकी ९० हून अधिक जणांना ते औषध चालते, असे तेथे वारंवार दिसून आले आहे.

पेशंटला किती धोका आहे हे ठरवण्यासाठी ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २०२० मध्ये ‘पेन-फास्ट’ नावाची सोपी गुणपद्धती प्रसिद्ध केली. घटना गेल्या पाच वर्षांतली असेल तर दोन गुण. तीव्र रिॲक्शन, चेहऱ्याची-घशाची सूज किंवा कातडीचा गंभीर आजार झाला असेल तर दोन गुण. आणि उपचार करावे लागले असतील किंवा ते आठवत नसेल तर एक गुण. बेरीज तीनपेक्षा कमी आली तर धोका कमी मानतात. आपण लिहिल्याप्रमाणे केवळ पुरळ आणि तेही काही दशकांपूर्वी, असे असेल तर आईंची बेरीज शून्य किंवा एक येते. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत अशा कमी धोक्याच्या साडेतीनशेहून अधिक प्रौढांचे दोन गट केले होते. एका गटाला आधी कातडीवरची तपासणी करून मग गोळी दिली आणि दुसऱ्याला थेट गोळीच दिली. दोन्ही गटांत प्रत्येकी एकाच व्यक्तीला ॲलर्जीचा त्रास झाला. म्हणून कमी धोक्याच्या पेशंटला आता कातडीत न टोचता, देखरेखीखाली थेट तोंडाने औषध देऊन पाहणे हा मान्य मार्ग झाला आहे.

ते प्रत्यक्षात असे चालते. पेशंटने सकाळी हलका नाश्ता करून यावे. ताप, खोकला, अंगावर पित्त असे काही चालू नसावे आणि दमा असेल तर तो आटोक्यात असावा. सेटिरिझिन किंवा त्या जातीच्या गोळ्या साधारण आठवडाभर आधी थांबवाव्या लागतात, पण त्या कोणत्या आणि कधी हे डॉक्टरांना विचारूनच ठरवावे. रक्तदाबासाठी किंवा हृदयासाठी मेटोप्रोलोल, ॲटेनोलोल यांपैकी काही चालू असेल तर ते आवर्जून सांगावे, कारण या औषधांवर असलेल्या माणसाला तीव्र रिॲक्शन आली तर ॲड्रेनलिनचा गुण कमी येतो. ती गोळी मात्र स्वतःहून बंद करू नये. नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन यांची नोंद करून पेशंटला खाटेवर बसवतात. ॲड्रेनलिन, सिरिंज, ऑक्सिजन आणि सलाईन हाताशी ठेवतात. ॲमॉक्सिसिलिनची २५० किंवा ५०० मिलिग्रॅमची मात्रा देतात. मनात थोडी शंका असेल तर आधी दहावा भाग देऊन अर्धा तास वाट पाहतात आणि मग उरलेली देतात. त्यानंतर किमान तासभर पेशंटला तेथेच ठेवतात. मी स्वतः थोडा अधिक वेळ थांबवून घेतो, कारण परतीचा एसटीचा प्रवास लांबचा असतो आणि वाटेत त्रास झाला तर जवळ कुणी नसते.

धोका जास्त वाटला तर कातडीवरच्या तपासणीला पर्याय नाही, आणि ती ॲलर्जी तज्ज्ञाकडे, साधारणपणे पुण्या-मुंबईसारख्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयातच करावी. तीत आधी हातावर औषधाचा थेंब ठेवून तो सुईच्या टोकाने नुसता टोचतात. पंधरा-वीस मिनिटांत काही उठले नाही तरच कातडीत दोन ते पाच शतांश मिलिलिटर औषध भरतात. सलाईनच्या तुलनेत तीन मिलिमीटर किंवा त्याहून मोठी गांधी उठली तर निकाल सकारात्मक धरतात. पेनिसिलिन शरीरात मोडून प्रथिनांना चिकटते आणि ॲलर्जी बहुधा त्या जोडगोळीविरुद्ध असते, म्हणून या तपासणीसाठी पेनिसिलॉइल नावाचा खास तयार केलेला पदार्थ लागतो, जो आपल्याकडे सहज मिळत नाही. तो नसेल तर पातळ केलेले बेंझिलपेनिसिलिन आणि ॲमॉक्सिसिलिन किंवा ॲम्पिसिलिन वापरतात. तसे केले असता काही ॲलर्जी हातून निसटू शकते, त्यामुळे कातडीवरचा निकाल निगेटिव्ह आल्यावरही शेवटी देखरेखीखाली गोळी देऊनच शिक्कामोर्तब करावे लागते.

लॅबच्या जाहिरातींत शेकडो पदार्थांचे ‘ॲलर्जी पॅनेल’ असते. कृपया त्यावर पैसे घालवू नका. पेनिसिलिनसाठी रक्तातील विशिष्ट आयजीईची तपासणी आहे, पण ती बऱ्याच खऱ्या रुग्णांना ओळखू शकत नाही. इतर बहुतेक अँटिबायोटिकांसाठी तर भरवशाची रक्ततपासणीच नाही.

दोन गोष्टी मात्र ठामपणे सांगतो. त्या जुन्या आजारात कातडीचे सालपट निघाले असेल, तोंडात-डोळ्यांत किंवा गुप्तांगावर फोड आले असतील, किंवा पुरळाबरोबर बरेच दिवस ताप, कावीळ अथवा मूत्रपिंडाचा त्रास झाला असेल, तर ते औषध पुन्हा देऊन पाहायचे नाही. कातडीत टोचूनही नाही आणि तोंडानेही नाही. अशा प्रसंगी लाल शाईतली ती नोंद योग्यच आहे आणि ती तशीच राहू द्यावी. दुसरी गोष्ट, हे सर्व वाचून घरी गोळी देऊन पाहू नये. घरात ॲड्रेनलिन नसते, आणि तीव्र रिॲक्शनमध्ये प्रौढाला मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत अर्धा मिलिग्रॅम ॲड्रेनलिन काही मिनिटांत मिळणे यावर सारे अवलंबून असते. एविल आणि हायड्रोकॉर्टिसोन ही ॲलर्जीवर नेहमी दिली जाणारी इंजेक्शने त्याची जागा घेऊ शकत नाहीत.

आता आईंच्या ऑपरेशनविषयी, कारण आपली खरी चिंता तीच आहे. गुडघ्याच्या सांधेरोपणात जंतुसंसर्ग टाळण्यासाठी चीर देण्यापूर्वीच्या तासाभरात सेफाझोलिन हे सेफॅलोस्पोरिन घराण्यातले अँटिबायोटिक देणे हा सर्वमान्य पहिला पर्याय आहे. कागदावर पेनिसिलिनची ॲलर्जी दिसली की अनेकदा ते टाळून व्हँकोमायसिन किंवा क्लिंडामायसिन ही दुसऱ्या पसंतीची अँटिबायोटिके दिली जातात, आणि त्याची किंमत पेशंटला मोजावी लागते. अमेरिकेतील एका मोठ्या रुग्णालयात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आठ हजारांहून अधिक शस्त्रक्रियांची माहिती तपासली होती; त्यात सांधेरोपणेही होती. पेनिसिलिनच्या ॲलर्जीची नोंद असलेल्यांमध्ये जखमेत संसर्ग होण्याचे प्रमाण सुमारे दीडपट आढळले आणि त्याचे कारण दुय्यम औषध दिले गेले हेच होते. बसवलेल्या कृत्रिम सांध्यात संसर्ग झाला तर पुन्हा ऑपरेशन, महिनोन्महिने औषधे आणि कधी सांधाच काढणे अशी वेळ येते. म्हणून ही तपासणी म्हणजे केवळ कागदोपत्री सोपस्कार असे मी मानत नाही.

दिलासा देणारी बाब अशी की सेफाझोलिनच्या रेणूची बाजूची साखळी पेनिसिलिनच्या कुठल्याही औषधाशी जुळत नाही. ॲमॉक्सिसिलिन आणि सेफाड्रॉक्सिल, ॲम्पिसिलिन आणि सेफॅलेक्सिन या जोड्यांमध्ये साखळी सारखी असल्याने एकाचा त्रास दुसऱ्याला होऊ शकतो; सेफाझोलिनचे तसे नाही. अमेरिकेतील ॲलर्जी तज्ज्ञांच्या संघटनांनी २०२२ मध्ये असा सल्ला दिला की पेनिसिलिनची तीव्र तात्काळ ॲलर्जी नोंदलेली असली तरी सेफाझोलिनसारखी निराळ्या रचनेची सेफॅलोस्पोरिन तपासणीशिवाय देता येतात. अपवाद वर सांगितलेल्या कातडीच्या गंभीर आजारांचा. तेव्हा सर्जन आणि भूलतज्ज्ञ या दोघांना ऑपरेशनच्या आदल्या दिवशी नव्हे, तर निदान दोन आठवडे आधी एकत्र विचारावे की सेफाझोलिन देण्यास त्यांची हरकत आहे का. ते देण्याचे ठरले तर या ऑपरेशनपुरता प्रश्न सुटतो. तरीही पुढच्या आयुष्यासाठी ॲमॉक्सिसिलिनची तपासणी करून घ्यावी, असेच मी सुचवेन, कारण साठीनंतर न्यूमोनिया, दातांचे आजार, पायाच्या जखमा यांसाठी या घराण्यातली औषधे लागण्याचे प्रसंग वाढतात. जवळच्या दवाखान्यात कोणते औषध किती पातळ करून टोचले होते, हेही विचारून घ्यावे. आपण ते लिहिलेले नाही, आणि कित्येकदा ‘पेनिसिलिनची टेस्ट’ म्हणून भलत्याच अँटिबायोटिकाची टोचणी झालेली असते.

तपासणीत काही त्रास झाला नाही, तर डॉक्टरांकडून दिनांक, औषध, मात्रा आणि किती वेळ निरीक्षण केले एवढे लिहिलेला कागद मागून घ्यावा. रुग्णालयाच्या संगणकातली आणि जुन्या फायलीवरची नोंद खोडून घ्यावी, नाहीतर तपासणी होऊनही पुढचा डॉक्टर तीच लाल अक्षरे वाचतो. त्रास झाला, तर औषधाचे नाव, किती वेळाने काय झाले आणि कोणते उपचार केले हे लिहून घ्यावे, आणि ‘सर्व अँटिबायोटिकांची ॲलर्जी’ असे मोघम कुणालाही लिहू देऊ नये. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद भारतीय औषधसंहिता आयोगाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर रुग्णाला किंवा नातेवाइकालाही देता येते.

काही जणांना गोळी घेतल्यानंतर त्या दिवशी काही होत नाही आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पुरळ येते. तसे झाले तर उजेडात त्याचे फोटो काढून ठेवावेत, तोंडात फोड किंवा ताप आहे का ते पाहावे, आणि ज्यांनी तपासणी केली त्याच डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे. फोड, ताप किंवा चेहऱ्यावर सूज दिसली तर फोनवर न थांबता थेट रुग्णालय गाठावे.